एकाच नावाचे दोन रकाने
अक्राणी आणि धडगाव हा एकच तालुका, हे नंदुरबारच्या माणसाला सांगावं लागत नाही, संगणकाला लागतं. माझी चूक उलटी होती. कुपोषणाच्या विश्लेषणात दोन मॉडेलांचे तक्ते जोडताना दोन्हींतल्या रकान्यांना मी ‘अंदाज’ हे एकच नाव दिलं. एकात ऑड्स रेशो होते, दुसऱ्यात त्यांचे लॉग. समजा, दोन्हीकडे ०.७ आहे: पहिल्याचा अर्थ कुपोषणाचे ऑड्स ३० टक्क्यांनी कमी, दुसऱ्याचा जवळपास दुप्पट. माझ्या तक्त्यात अंगणवाडी लांब असणं मुलांच्या हिताचं दिसू लागलं. डोंगरातले पाडे पायी फिरलो होतो, म्हणून थबकलो. लॉगचे आकडे आधी ऑड्स रेशोत आणले, मगच रकान्याला तसं नाव दिलं. ‘अंदाज’ पुसून टाकला.