झोरा हॉलचं देणं

‘द इंडिगो-गोज’ हा पाच जणांचा रॉक बँड. एव्हन पियानोवर, जापास बास गिटारवर, टिजो ड्रम्सवर, मिकाऊ गिटारवर आणि गायला लुलू. पाचही जण झोरा, म्हणजे हातांना माशासारखे पर असलेली, पाण्यात वाढलेली जमात. निन्टेंडोच्या ‘द लीजंड ऑफ झेल्डा: मजोराज मास्क’ या 2000 सालच्या गेममध्ये ग्रेट बे नावाचा उपसागर आहे. तिथल्या झोरा हॉलमध्ये त्यांचा रंगमंच आणि बिऱ्हाड दोन्ही. ही मंडळी कुणीतरी कल्पून काढलेली आहेत हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत त्यांची नावं लिहायला बसले, की त्यात ही पाच येतातच.

आम्ही न्यू जर्सीला राहायला गेलो तेव्हा मी लहान होते. घरात माझी बडबड अखंड चालायची, पण शाळेच्या दारातून आत गेलं की आवाज फुटायचा नाही. वर्गातल्या बाई समोर बसवून घेत आणि एक तरी शब्द बोल म्हणत. गणपतीच्या कार्यक्रमात काकू-मावश्या हनुवटी धरून म्हणायच्या, “अगं, बोल की! आम्ही काय खाणार आहोत का तुला?” सगळं मायेनंच. पण आर्जव जितकं जास्त, तितका माझा घसा आवळायचा.

शनिवारी आम्ही आत्याकडे जात असू. तिचा मुलगा, माझा दादा, मला काही विचारायचा नाही. एकदा त्यानं मला शेजारी बसवलं, हातात कंट्रोलर दिला आणि पडद्याकडे बोट दाखवलं. “ही लुलू. हिचा आवाज गेलाय.”

झोरा हॉलच्या मागच्या बाजूला लुलू एकटीच समुद्राकडे बघत उभी असते. तिनं सात अंडी घातलेली असतात, ती समुद्री चाच्यांनी पळवली आणि त्या धक्क्यानं तिची वाचा गेली. उत्सवाचा कार्यक्रम तोंडावर आलेला, गायिकाच गप्प. तिच्यासमोर जाऊन बोलण्याचं बटण कितीही वेळा दाबा, तिच्याकडून उत्तर येत नाही. मला त्या वयात वाटलेला सुटकेचा भाव अजून आठवतो. कुणीतरी गप्प होतं आणि गेम तिच्यावर रागावत नव्हता.

अंडी सोडवायला मिकाऊ एकटा चाच्यांच्या गढीवर गेलेला असतो आणि त्याला जीवघेण्या जखमा होतात. आपला नायक लिंक किनाऱ्यावर येतो तेव्हा मिकाऊ पाण्यावर तरंगत असतो, वर समुद्रपक्षी घिरट्या घालतात. त्याला ढकलत ढकलत वाळूपर्यंत आणायचं. तिथे तो उठून गिटार घेतो आणि आपली सगळी कहाणी गाऊन सांगतो. मरणाच्या दारातला गिटारिस्ट निरोपही गाण्यातूनच देतो. मग लिंक त्याच्यासाठी सांत्वनाची धून वाजवतो, मिकाऊचा आत्मा एका मुखवट्यात उतरतो आणि तो मुखवटा चढवला की लिंकच मिकाऊ होतो. हातातल्या ऑकारिना या फुंकवाद्याची माशाच्या काट्यांची गिटार होते. बँडमधल्या कुणालाही मिकाऊ गेल्याचं कळत नाही. त्याचं अर्धं राहिलेलं काम आता आपलं.

चार अंडी गढीत मिळतात, तीन समुद्रसापांच्या कपारीत. पाणी भरलेल्या बाटल्यांतून ती एकेक करून किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेतल्या टाकीत आणायची. ते सापांचं काम दादाकडे असायचं, मी डोळे मिटून घ्यायचे. सातवं अंडं पोहोचलं की सगळी उबतात आणि पिल्लं पाण्यात स्वरलिपीच्या रेघांवर बसावीत तशी रांगेत थांबतात. सात पिल्लं, सात स्वर. हीच ‘न्यू वेव्ह बोसा नोव्हा’. ती धून गिटारवर लुलूपुढे वाजवली की ती गायला लागते आणि त्या आवाजानं समोरचं बेट हलतं, कारण ते बेट नसून एक प्रचंड कासव असतं.

तिला कुणी ‘गा’ म्हटलं नव्हतं. तिच्या लेकरांचे स्वर कुणीतरी तिच्यापर्यंत आणून पोहोचवले होते. हे मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं, पण कळलं होतं.

हा गेम तीन दिवसांच्या चक्रावर चालतो. लिंक काळात मागे गेला की जग पुन्हा पहिल्या दिवशी येतं आणि लुलू पुन्हा मुकी. मिकाऊचा मुखवटा मात्र आपल्यापाशी राहतो. मला हे क्रूर कधी वाटलं नाही. कालचं बोलणं आज पुन्हा हरवू शकतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं!

एइजी आओनुमा आणि योशिआकी कोइझुमी यांनी दिग्दर्शित केलेला हा गेम साधारण वर्षभरात उभा राहिला. संगीत मुख्यतः कोजी कोंदो यांचं. सुपर मारिओची धून सगळ्यांना पाठ असते, पण मला विचाराल तर कोंदो यांचा सगळ्यात हळवा हात झोरा हॉलमध्ये लागला आहे. तिथेच जापासच्या खोलीत त्याच्या बासबरोबर गिटार वाजवत बसता येतं. शहरातल्या मिल्क बारमध्ये तर लिंक चार रूपांत चार वाद्यं वाजवतो आणि त्यातून एक गाणं जुळतं. ते ऐकून नेहमी तिरसट असलेला सर्कशीचा मालक रडू लागतो. गाण्यात साथीचा वाटा किती असतो, हे मी त्या बारमध्ये शिकले. पुढे पेटी शिकले ती साथीसाठीच, आणि आजही साथच करते.

माझा आवाज शाळेत परतला तो संगीताच्या तासाला. सगळी मुलं गात होती, माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि मी गुणगुणत होते. बोलणं त्यानंतर बऱ्याच काळानं आलं. दादाला हे सांगितलं तेव्हा तो फक्त “छान” म्हणाला आणि गेम सुरू केला. त्याचे उपकार मी बँडच्या उपकारांपासून वेगळे काढू शकत नाही.

रविवारच्या मराठी शाळेत मी लहान वर्गाला शिकवते. अधूनमधून एखादं मूल येतं आणि तोंडच उघडत नाही. त्याला मी प्रश्न विचारत नाही. आईबाबांना विचारते, याला झोपवताना तुम्ही काय गाता? पुढच्या रविवारी पेटीवर तेच वाजवते. काही मुलं गातात, काही नुसती जवळ सरकून बसतात.

2015 साली हा गेम थ्री-डीएसवर नव्यानं आला, 2022 पासून स्विचच्या ऑनलाइन सेवेतही आहे. तुमच्या घरात असं गप्प मूल असेल तर त्याच्या शेजारी बसून तो खेळा. सापांचा भाग तुम्ही करा. लुलूपुढे गिटार वाजवायची वेळ आली की कंट्रोलर त्याच्या हातात द्या.