लोणारच्या काठावर एक दिवस

लोणारचे सरोवर आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात आहे. देशोदेशीचे अभ्यासक ते पाहायला येतात. पण आमच्या वस्तीतील अर्ध्याअधिक मुलांनी ते पाहिलेले नव्हते. ही गोष्ट आम्हाला खटकत होती. म्हणून वर्गणी काढून एक छोटी बस ठरवली आणि जानेवारीतील एका रविवारी पहाटे आम्ही चिखलीहून निघालो. निघताना एक मावशी म्हणाल्या, "पाखरं पाहाले रोज बुडवाचा काय?" प्रश्न खोटा नव्हता. हातावर पोट असणाऱ्याला एका दिवसाची किंमत ठाऊक असते.

मेहकरमार्गे लोणारला पोचलो. कड्यावरून खाली पाहताच मुले गप्प झाली. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्कापातामुळे काळ्या बेसाल्ट खडकात तयार झाले. लवणासुर राक्षसाची गोष्ट मुलांनी ऐकलेली होती. खरे कारण आम्ही तिथेच समजावून सांगितले. या तळ्यात पाणी येते, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हाही पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितले, की हे खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचे काम आहे.

झाडीतून खाली उतरलो. खाऱ्या पाण्यातले शेवाळ आणि किडे हेच पाखरांचे अन्न. लांब लाल पायांचे शेकाटे उथळ पाण्यात चरत होते. टिबुकली बुडी मारून भलतीकडेच वर येई. थंडीत उत्तरेकडून येणारे भगवे चक्रवाक जोडीने बसले होते. दुर्बीण एकच, म्हणून रांग लावली.

तेवढ्यात कोणीतरी ओरडून उडाले. आम्ही पुस्तक उघडेपर्यंत मावशी म्हणाल्या, "टिटवी हाय ते." मग त्याच सांगू लागल्या. टिटवी घरटे बांधत नाही, उघड्या जमिनीवर खड्यांत अंडी घालते. अंडी खड्यांसारखीच दिसतात. "उन्हाळ्यात ढेकळं फोडताना अंडी दिसली, तं आम्ही तेवढी जागा सोडून देत होतो." मुले दुर्बीण सोडून त्यांच्याभोवती जमली. पुस्तकातले आम्ही वाचले होते. शेतातले त्यांनी पाहिले होते.

सन २००० मध्ये हे अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये रामसर यादीत आले. परंतु वरून सांडपाणी आणि शेतातली खते उतरली, तर पाण्याचा स्वभावच बदलेल, मग पाखरांचे अन्नही जाईल. हे राखणे सरकारइतकेच आपलेही काम आहे.

बंधू-भगिनींनो, आपापल्या वस्तीतून एकदा अवश्य जा. थंडीत जा, पहाटे निघा, भाकरी आणि पाणी सोबत घ्या, कचरा परत आणा. आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायांना आवर्जून न्या.