किती बारांनंतर बंदूक पुसायची?

सावंतवाडी

चि. छोटी,

तुझं पत्र मिळालं. तुघलकाबादच्या रेंजवर बंदूक पुसण्यावरून तुमच्यात दोन तट पडलेत हे वाचून गंमत वाटली. एक तट रोज संध्याकाळी गज घेऊन बसणारा, दुसरा ‘हजार बार होईपर्यंत हात लावायचा नाही’ म्हणणारा. आणि पत्राच्या शेवटी तू सहज विचारलंस, की आजोबांची दुनळी तर फक्त खंडेनवमीला पुसली जाते, तिचं काय? त्या एका ओळीमुळे हे उत्तर लांबलं आहे. ‘किती बारांनंतर’ हा प्रश्नच दोन्ही तटांनी चुकीचा धरला आहे. बंदुकीला खाते ती ओल. त्यामुळे आठवड्याला शेकडो बार काढणाऱ्या तुझ्या बंदुकीपेक्षा कपाटात गप्प पडून असलेल्या आजोबांच्या बंदुकीची काळजी जास्त वाटायला हवी.

एके काळी मात्र हिशेब खरोखरच बारांचा होता. ठासणीच्या बंदुकीत जी काळी दारू भरत, तिच्यात सोरा सुमारे ७५ टक्के, कोळसा १५ आणि गंधक १०. ती जळली की वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपात मागे उरतो. त्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. काही बार झाले की नळी इतकी मळते की पुढचा बार ठासायला गज नीट उतरत नाही. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून जुने शिकारी नळीत कढत पाणी ओतत. कढत अशासाठी की क्षार धुऊन जावेत आणि तापलेली नळी आपोआप सुकावी. तेलाचा बोळा त्यानंतर.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्येइल यांनी बिनधुराची दारू तयार केली. राख जवळजवळ गेली, पण गंज गेला नाही. दोष दारूत नव्हता, काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीत होता. तिच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ठिणगी पडली की त्याचं क्लोराइड होऊन नळीत बसे, आणि हा क्षार आपल्या मिठाच्या जातकुळीतला. नळी दिसायला स्वच्छ असे आणि काही दिवसांनी आत खड्डे पडलेले असत. ब्रिटिश फौजेतले शिपाई .३०३ रायफलीच्या नळीत उकळतं पाणी ओतत, ते याच कारणासाठी. १९२८ साली जर्मनीत सिनॉक्सिड नावाचा, क्लोरेट नसलेला मसाला बाजारात आला. पुढे हीच जात जगभर रूढ झाली आणि आज रेंजवर मिळणारी काडतुसं त्याच जातीची आहेत. ‘त्याच रात्री धुतली नाही तर नळी गेली’ ही सक्ती तिथे संपली. सवय मात्र घराघरांत उरली, आणि तुमच्यातला पहिला तट तीच सवय पाळतो आहे. वाईट सवय नाही. कारण फक्त जुनं झालं आहे.

मग आज नळीत उरतं काय? काजळी, दारूचे अर्धवट जळलेले कण, छऱ्यांचं घासलेलं शिसं आणि प्लास्टिक. १९६० च्या दशकापासून छर्रे प्लास्टिकच्या वाटीत बसवून उडवले जाऊ लागले. ती वाटी नळीतून घासत जाते आणि तिचा पातळ पापुद्रा मागे राहतो. तो जास्त करून दोन ठिकाणी साचतो. काडतुसाचं घर संपून नळी निमुळती होते तिथे, आणि तोंडाजवळ ती पुन्हा आवळली जाते त्या चोकमध्ये. बारा बोरची नळी आतून सुमारे साडेअठरा मिलिमीटर रुंद आणि गुळगुळीत असते. रायफलीसारखे आटे तिच्यात नसतात, त्यामुळे एवढ्याशा मळाने नेम बिघडत नाही. दुसऱ्या तटाचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे. ते एकच गोष्ट विसरतात. पापुद्र्याखाली ओल अडकली तर ती वरच्या तेलाला दाद देत नाही. शिवाय बदलत्या चोकच्या आट्यांत हा मळ शिरला, की चोक जागच्या जागी जाम होतो. म्हणून चोक अधूनमधून काढून, आटे पुसून, ग्रीसचं बोट लावून परत बसवायचा. चोक न बसवता बार काढायचा नाही, कारण ते उघडे आटे त्यात खराब होतात.

आता बारांच्या संख्येचं. अथेन्स आठव. २००४ च्या ऑलिंपिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांना डबल ट्रॅपचं रौप्यपदक मिळालं, तेव्हा पात्रता फेरी आणि अंतिम फेरी मिळून हवेत उडणाऱ्या चकत्या होत्या २००, आणि त्यांनी फोडल्या १७९. एका दिवसात दोनशे बार. तुझ्या ट्रॅपमध्ये पात्रतेला १२५ चकत्या असतात आणि प्रत्येक चकतीवर दोन बारांची मुभा. पूर्ण वापरली तर अडीचशे. चांगल्या बंदुकीला हे ओझं वाटत नाही. स्पर्धेच्या मध्यावर नळीत ब्रश घालण्याची गरज नसते. फेऱ्यांच्या मध्ये बंदूक बिजागरीत मोडून नळीचं मागचं तोंड आणि रिकामं काडतूस फेकणाऱ्या इजेक्टरखालची खाच कोरड्या फडक्याने पुसली की काम भागतं. तिथे एखादा जळका कण बसला तर बंदूक घट्ट मिटत नाही.

प्रत्येक वेळी करायची गोष्ट एकच आहे आणि तिला तेल लागत नाही. नळीतून पाहणे. बंदूक मोडायची, दोन्ही घरं रिकामी आहेत हे डोळ्याने आणि बोटाने तपासायचं, मग नळ्या उजेडाकडे धरायच्या. बार फुसका वाटला, आवाज नेहमीपेक्षा कमी आला, धक्का बसलाच नाही, तर पुढचं काडतूस भरण्याआधी हे केलंच पाहिजे. अडकलेल्या वाटीवर दुसरा बार पडला तर नळी फाटते आणि पुढचा हात जातो. २० बोरचं काडतूस चुकून बारा बोरमध्ये पडलं तर ते पुढे सरकून नळीत अडकतं. मागे १२ चं बसतं आणि बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. २० बोरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात, ती ही चूक टाळण्यासाठी. वर्तमानपत्रात ‘बंदूक साफ करताना गोळी सुटली’ अशी बातमी अधूनमधून येते. तिचा अर्थ एवढाच, की साफसफाई भरलेल्या बंदुकीवर चालली होती.

अर्धस्वयंचलित बंदुकांचं गणित वेगळं, ते थोडक्यात सांगतो. रेमिंग्टन ११०० सारख्या बंदुकीत जळत्या दारूचा वायूच पुढचं काडतूस चढवतो, म्हणजे काजळी थेट यंत्रात शिरते. तिथे मात्र बारांचा हिशेब ठेवावा लागतो. नाहीतर ती ऐन वेळी अडते. बेनेलीची बंदूक धक्क्याच्या जोरावर चालते, वायू आत येत नाही, म्हणून ती बराच काळ स्वच्छ राहते. तुझी वर-खाली नळ्यांची बंदूक या भानगडीतच नाही.

तेव्हा तुझ्यासाठी असं. रेंजवरून आल्यावर त्याच संध्याकाळी नळ्यांतून फॉस्फर ब्राँझचा ब्रश सॉल्व्हंट लावून फिरवावा, मग चिंधी कोरडी येईपर्यंत चिंध्या ओढाव्यात, मग तेलाचा अगदी पातळ हात. बाहेरून पुसताना हाताचा घाम लागलेला प्रत्येक भाग पुसावा. बिजागरीवरचं जुनं ग्रीस काढून नवं लावावं, कारण जुन्या ग्रीसमध्ये धूळ बसली की ते पॉलिश पेपरचं काम करतं. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम. पावसात भिजली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावं. दोन नळ्यांमधल्या पट्टीखाली लपलेलं पाणी रात्रीतून बाहेर येतं. चाप आणि इजेक्टर आतून उघडण्याचं काम वर्षातून एकदा कारागिराकडे. स्वतः स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही. आणि काम झालं की हात साबणाने धुवायचे. त्या काजळीत शिसं असतं, म्हणून हा उद्योग जेवणाच्या टेबलावर नको.

आजोबांची बंदूक आता. बर्मिंगहॅमची आडवी दुनळी, वर्षाकाठी दोन-चार बार, तेही रानडुकरांना घाबरवण्यासाठी हवेत. नळ्यांच्या आत हल्लीच्या बंदुकीसारखा क्रोमचा मुलामा नाही, उघडं पोलाद आहे. समुद्र जवळ, आणि पावसाचे चार महिने भिंतीला हात लावला तरी ओला होतो. अशा घरात तिला बार काढो न काढो, महिन्यातून एकदा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला तेलाचा हात हवा.

वर्षानुवर्षं चाललेल्या तीन गोष्टी मोडाव्या लागतील. पहिली, खोबरेल तेल. ते २४ अंशांखाली थिजतं आणि कुठलंही वनस्पती तेल जुनं झालं की चिकट होतं, मग घोडे जड चालतात. शिवणयंत्राचं तेल त्याहून कितीतरी बरं. रॉकेलने मळ सुटतो, पण ते उडून गेल्यावर पोलाद उघडं पडतं. दुसरी, चामड्याची पिशवी. ती ओल धरते. ती प्रवासापुरती, ठेवताना नाही. तिसरी, दस्त्यावर उभी करून ठेवणे. तेल खाली उतरून लाकडात मुरतं, लाकूड काळं आणि मऊ पडतं. शक्य तर तोंड खाली करून ठेवावी. तांबूस डाग दिसला म्हणून पॉलिश पेपर घासायचा नाही. तेल लावून दोन दिवस थांबायचं आणि जाड फडक्याने चोळायचं.

खंडेनवमीची पूजा थांबवायला कोणी सांगत नाही. कोडगूमधले लोक सप्टेंबरच्या सुरुवातीला कैलपोळ्द करतात, तेव्हा कळलावीचं फूल बंदुकीच्या तोंडात खोवतात. आपण झेंडू वाहतो. पण ओलं हळदकुंकू आणि फुलं दसऱ्यापर्यंत पोलादावर तशीच ठेवली, तर त्या बोटांचे ठसे गंजाच्या रूपाने कायमचे उमटतात. आपल्या बंदुकीच्या उजव्या बाजूला आहेत, बघ. पूजा संपली की संध्याकाळीच पुसून तेल लावावं.

निवडणुकीचंही ध्यानात ठेव. आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघतो. रेंजवरच्या नोंदणीकृत खेळाडूंना सहसा सूट मिळते, शेतीसंरक्षणाच्या परवान्याला मिळेलच असं नाही. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला. मग विधानसभेची १५ ऑक्टोबर ते २३ नोव्हेंबर. म्हणजे एका वर्षात दोनदा, काही आठवडे ती घराबाहेर आणि तेलाविना. जमा करण्याच्या आदल्या रात्री तिला नेहमीपेक्षा जाड तेल लावायचं, पावतीवर तिची अवस्था लिहून घ्यायची, आणि परत आली की पहिला बार काढण्याआधी नळ्या कोरड्या करायच्या.

दुनळीचा परवाना तुझ्या बाबांच्या नावावर आहे, तेव्हा हे सगळं ते समोर बसलेले असतानाच. गणपतीला येशील तेव्हा दिल्लीहून बारा बोरचा ब्रश आणि एक डबी ग्रीस घेऊन ये, इथे मिळत नाही.

कळावे,
तुझा काका