चाक नसलेलं ‘व्हील’

दोस्तांनो, इंग्लंडचा नकाशा काढा पाहू. खाली डाव्या कोपऱ्यात एक निमुळतं टोक समुद्रात शिरलेलं दिसेल. हे कॉर्नवॉल. इथल्या सेंट अ‍ॅग्नेस गावाजवळच्या कड्यावरून पायवाटेनं निघालं, की एका हाताला अटलांटिक महासागर उसळत असतो आणि वाटेत एक दगडी इमारत लागते. छप्पर उडालेलं, शेजारी उंच धुराडं. तिचं नाव ‘व्हील कोट्स’.

व्हील म्हणजे चाक, असं तुम्ही लगेच सांगाल. पण इथं चाक कुठंच दिसत नाही! पुढं नकाशात व्हील जेन, व्हील किटी, व्हील प्रॉस्पर अशी नावं भेटतच राहतात. एवढी चाकं आली कुठून?

गंमत अशी, की हा शब्द इंग्रजी नाहीच. उच्चार सारखा, पण स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे. हा शब्द कॉर्निश या इथल्या जुन्या भाषेतला. त्याचा मूळ अर्थ ‘काम’, आणि त्यावरून ‘खाण’. बरोबरच आहे की! जिथं घरटी एक माणूस खाणीत उतरायचा, तिथं काम म्हणजे खाणच.

हे काम मात्र सोपं नव्हतं, बरं का. कथील आणि तांबं खणत लोक खोल जायचे. काही खाणींचे बोगदे तर समुद्राच्या तळाखाली गेले होते. खाली सारखं पाणी साचायचं. ते उपसणाऱ्या वाफेच्या इंजिनासाठीच कड्यावरची ही इमारत 1872 मध्ये बांधली. लेव्हंट नावाच्या खाणीत माणसांना वर-खाली नेणारं यंत्र होतं. 20 ऑक्टोबर 1919 रोजी ते तुटलं आणि 31 कामगार दगावले.

तोवर कॉर्निश भाषा रोजच्या बोलण्यातून केव्हाच गेली होती. ती बोलणाऱ्या शेवटच्या काही माणसांपैकी डॉली पेंट्रीथ ही मासळी विकणारी बाई 1777 मध्ये वारली. घरात, बाजारात सगळीकडे इंग्रजी आली. पण खाणीच्या पाटीवर ‘व्हील’ तसाच राहिला. पुढं खाणी बंद पडू लागल्या, तेव्हा इथले कामगार पोटासाठी देशोदेशी गेले. काही जण तर आपल्या कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतही आले! ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावाजवळच्या एका खाणीचं नाव होतं ‘व्हील ह्यूज’. शब्दानं असा समुद्र ओलांडला.

1998 मध्ये साउथ क्रॉफ्टी ही कॉर्नवॉलमधली शेवटची चालू कथलाची खाण बंद झाली. भाषेचं मात्र उलट झालं. हौशी लोकांनी जुनी हस्तलिखितं वाचून ती पुन्हा शिकायला घेतली, आणि 2002 मध्ये ब्रिटिश सरकारनं तिला अधिकृत मान्यता दिली.

आपल्याकडेही असे शब्द आहेत. विहिरीवरच्या मोटेचं पाणी ज्यात पडायचं, ते थारोळं. मोट गेली, थारोळं गेलं. आज हा शब्द भेटतो तो बहुधा ‘रक्ताच्या थारोळ्यात’ या बातमीतच. आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या कामातले असे आणखी कोणते शब्द त्यांना आठवतात. आणि ते वहीत लिहून ठेवा हं!