टाचणीविना संग्रह

अकोल्यास महाविद्यालयात शिकत असताना आम्हांला जीवशास्त्रासाठी कीटकपेटी करावी लागे. लिंबाच्या बागेत जाळी घेऊन हिंडावे, फुलपाखरू धरावे, त्याचे पंख पसरून टाचणी खोचावी आणि पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात, असा तो उद्योग. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके असलेली एक जोडी माझ्या पेटीत होती आणि तिचा मला मोठा अभिमान वाटे. दोन पावसाळ्यांत पंखांना बुरशी लागली. उरल्या त्या टाचण्या.

ती पेटी आठवली गेल्या पावसाळ्यात, अमरावतीच्या घरी. आईच्या खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली होती. वॉकर धरून चालण्याची परवानगी मिळाली होती. पण पुन्हा पडण्याच्या धास्तीने ती पलंग सोडीना. इतरांच्या आईवडिलांना जे समजावतो, ते सारे मी तिला समजावले, पुढे रागावलोही. आमचे बोलणे गोळ्या, झोप आणि पोट साफ होणे एवढ्यावर येऊन ठेपले होते.

एके सकाळी अंगणातल्या कुंडीतील लिंबाच्या पानावर एक अळी दिसली. पक्ष्याची विष्ठा वाटावी अशी. आईला दाखवण्यासाठी मी ती डबीत घालून आत नेली. आई उठून बसली.

"बाप्पा, डबीत नको ठेवू तिले, मरून जाईन ते!"

अळी परत पानावर ठेवताना आईला ते स्वतः पाहायचे होते. मी वॉकर पुढे केला. अंगणापर्यंतची पंधरा पावले ती माझ्या आधाराने चालली.

ज्या फुलपाखरांच्या कुळाला इंग्रजीत स्वॅलोटेल म्हणतात, त्यातलेच हे एक. या कुळातील अनेकांच्या मागच्या पंखांना भिंगरी पक्ष्यासारखी शेपटी असते. लिंबावरच्या याला मात्र ती नाही. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखराचा मान दिलेले ब्लू मॉरमॉनही याच कुळातले. लिंबू, संत्रा, गोडनिंब ही अशा कित्येकांच्या अळ्यांची पाने. वरुड-मोर्शीकडचा संत्रा बागाईतदार कोवळी रोपे फस्त करणाऱ्या अळीवर रागावणारच. आमच्या कुंडीला दहा-वीस पाने गेल्याचे दुःख नव्हते.

आई रोज सकाळी अळी पाहू लागली. शेवटची कात टाकल्यावर ती हिरवीगार झाली. डिवचली की डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडी. मग एके दिवशी फांदीला रेशमी धाग्याचा कमरपट्टा बांधून तिचा कोष झाला. आईने जुन्या वहीत तारखा लिहिल्या. दवाखान्यातून आलो की मी विचारी, "आज काय?" आणि सांगण्याजोगे काही तिच्यापाशी असे.

ही कथा औषधाची नव्हे. आईचे व्यायाम आणि गोळ्या चालूच राहिल्या, दुखणेही काही दिवस राहिले. पण ज्यांच्या घरी वृद्ध माणूस आहे, त्यांना एवढे सांगावेसे वाटते : लिंबाची वा गोडनिंबाची एक कुंडी उजेडात ठेवा, तिच्यावर कीटकनाशक फवारू नका. वाटेतील ओल आणि पायपुसणी काढा, पायांत न घसरणारी चप्पल असू द्या, तोल जात असेल तर सोबत चाला. आणि रोज एक प्रश्न असा विचारा, ज्याचा आजाराशी काही संबंध नाही.

कोष उघडला त्या सकाळी मी दवाखान्यात होतो. ओले पंख वाळवीत ते किती वेळ फांदीवर बसले आणि भिंतीवरून कोणीकडे गेले, हे आईने दोनदा सांगितले. वहीत तिने तारीख लिहिली आणि पुढे एकच शब्द : उडालं.

आता त्या वहीत सात नोंदी आहेत. माझ्या पेटीत एवढी फुलपाखरे कधीच नव्हती.