भोरगिरीच्या वाटेवरचा फोन

वाचकहो, पुणे-नाशिक रस्त्याने मोशी, चाकण मागे टाकून राजगुरुनगरला पोहोचलात, की घरी एक फोन करून घ्या. येथून डावीकडे भीमेच्या खोऱ्यात चास, वाडा करीत भोरगिरीकडे रस्ता जातो. त्या रस्त्यावर पुढे फोन लागेलच, असे सांगता येत नाही.

चाकणला हे मनातही येत नाही. कांद्याच्या बाजाराचे हे गाव. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने इथला भुईकोट शाइस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढविला. आता भोवती मोटारींचे कारखाने आहेत, आणि तेथे पाळ्या करणाऱ्या पोरांत या पश्चिमेकडच्या वाड्यांतलीही पुष्कळ आहेत. मुलगा रेंजमध्ये आणि आई-बाप डोंगराआड, अशी या घरांची स्थिती.

चासकमानचे पाणी मागे पडते, डोंगर जवळ येऊ लागतात आणि फोनवरच्या रेघा एकेक करून गळतात. टॉवरच्या लहरी साधारण कंदिलाच्या उजेडासारख्या चालतात. कंदिलापुढे सूप धरले की मागे अंधार पडतो, तसेच डोंगर आड आला की होते. म्हणून खालच्या भातखाचरात फोन मुका असतो आणि वर सोंडेवर चढले की बोलू लागतो.

वरच्या एका वाडीत मला एक आजीबाई भेटल्या. नातू चाकणला कामाला. देवळामागच्या खडकावर तेवढी रेंज येते, म्हणून संध्याकाळी आठला त्या तेथे जाऊन बसत. नातवाची दुसरी पाळी लागली, की ती वेळही चुकायची. मला म्हणाल्या, "बाबा, खाली जातोस तर त्याला एवढं कळव, लावणी शनिवारी धरलीय. सुट्टी काढून ये म्हणावं." नंबर त्यांनी चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवला होता. कागद भिजतो, भिंत भिजत नाही, हे त्यांचे म्हणणे.

गोष्ट लावणीचीच असते असे नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी शेजारच्या आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला. सुमारे १५० माणसे गेली. ती बातमी बाहेर आणली एस.टी.च्या चालकाने. नेहमीची फेरी घेऊन आला, तर गाव जागेवर नव्हते.

तेव्हा आपल्या वाडीत रेंज कोणत्या टेकाडावर येते, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असू द्या. रात्री कोणाला पान लागले, तर शोधत बसायला वेळ नसतो. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ लावून पाहा. दुसऱ्या कंपनीचा टॉवर मिळत असेल, तर त्यावरून तो फोन जाऊ शकतो. कोणाचाच टॉवर पोहोचत नसेल, तेथे मात्र ११२ ही लागत नाही. बोलणे तुटत असेल तर लेखी निरोप धाडा, त्याला क्षणभराची रेंज पुरते. आणि प्रवासात फोन रेंज शोधत राहिला की बॅटरी लवकर उतरते. तो विमानाचे चित्र असलेल्या बटणावर टाकून ठेवावा.

परतताना वाड्याच्या अलीकडे माझा फोन खिशात थरथरला. गाडी थांबवून आजीबाईंचा निरोप धाडला. चाकण येईपर्यंत उत्तर आले होते : "शुक्रवारी रात्री निघतो."

ते आजीबाईंना कळवायला आठ वाजेपर्यंत थांबावे लागले.