कौलं तीच, माणसं बदलली

माणसं गाव सोडून जातात, यात नवल नाही. पण गाव जागच्या जागी राहिलं आणि त्यातली माणसं झाडून सगळी बदलली तर? विहीर तीच, रस्ता तोच, घरांवरची कौलंसुद्धा तीच... आणि कालचा एकही माणूस आज तिथे नाही. मग ते गाव कुणाचं म्हणायचं?

ही कविकल्पना नाही. पोलंडच्या पश्चिम भागात अशी शेकडो खेडी आहेत. १९४५ साली दुसरं महायुद्ध संपलं आणि बड्या राष्ट्रांच्या नेत्यांनी पोलंडचा नकाशा जणू हाताने उचलून पश्चिमेकडे सरकवला. पूर्वेकडचा मोठा मुलूख सोव्हिएत रशियाने ठेवून घेतला. त्याच्या बदल्यात ओडर आणि नाइसे या नद्यांपर्यंतचा जर्मन प्रदेश पोलंडला मिळाला. तिथले लाखो जर्मन आधीच पळाले होते, उरलेल्यांना हाकलण्यात आलं. त्यांच्या घरांत कुणाला बसवलं? तर पूर्वेकडे ज्यांची स्वतःची घरं गेली होती त्या पोलिश शेतकऱ्यांना! बिचारे आगगाडीच्या वाघिणीत गाई-गुरांसकट आले. ब्रेस्लाऊचं व्रोत्सवाफ झालं, श्टेटिनचं श्चेचिन झालं. खेड्यांना नवी नावं देण्यासाठी तर सरकारला समितीच नेमावी लागली.

लाकडी घरांत वाढलेल्या माणसांना विटांची पक्की घरं मिळाली. पण कपाटात दुसऱ्याच्या कपबश्या, भिंतीवर दुसऱ्याची घड्याळं, गावाबाहेर दुसऱ्यांची थडगी. जर्मनांमागे राहिलेल्या अशा वस्तूंसाठी पोलिश भाषेत एक खास शब्दच आहे. ‘जर्मन परत आले तर?’ या धास्तीने कित्येकांनी वर्षानुवर्षं सामान बांधूनच ठेवलं, घराची डागडुजीही केली नाही. पश्चिम जर्मनीने ही नवी सरहद्द मान्य केली ती १९७० साली आणि एकत्र झालेल्या जर्मनीने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं ते १९९० साली. म्हणजे तब्बल पंचेचाळीस वर्षांनी! तोवर त्या घरांत जन्मलेल्या मुलांनाही मुलं झाली होती.

आता तुम्ही म्हणाल, बेंगळुरूच्या टोकाला बोम्मसंद्र्यात राहणाऱ्या मराठी माणसाला पोलंडच्या खेड्यांशी काय देणंघेणं? देणंघेणं आहे. कारण माझं गाव कोल्हापूरजवळचं वळिवडे.

१९४३ साली आमच्या पंचगंगेकाठी, कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत, एक आख्खं पोलिश गाव वसलं. पूर्व पोलंडमधून रशियनांनी १९४०-४१मध्ये सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलेली ही माणसं. पुढे सुटका झाल्यावर इराण, कराची असा प्रवास करत ती वळिवड्याला पोहोचली. सुमारे पाच हजार जण, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. भारतातली पोलिश निर्वासितांची ही सर्वांत मोठी छावणी. खर्च लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा. रांगेने बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, स्काउटची पथकं, एवढंच काय, नाटकंसुद्धा! गुजरातेत नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला सांभाळलेली अनाथ मुलंही १९४६मध्ये इकडेच आली.

माझी आई तेव्हा परकर नेसणारी पोर. आजोबा छावणीत दूध घालायचे, त्यांच्या मागोमाग ही. आज अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही तिला ‘जेन दोब्री’ हा पोलिश नमस्कार येतो. ‘गोऱ्या हुत्या, पन सायबाच्या न्हवत्या,’ ती सांगते. ‘सायबीन दारात उभं करायची न्हाई. ह्या बायका दुधाचं पैसं बोटावर मोजायच्या आनि मला पाव द्यायच्या.’ त्या बायकांच्या डोळ्यांत अधूनमधून पाणी का यायचं, हे तिला तेव्हा कळत नसे.

ते कळण्यासारखं कारण होतं. युद्ध संपलं, पण जायचं कुठे? घर रशियाच्या नकाशात गेलेलं! १९४८पर्यंत छावणी रिकामी झाली. कुणी इंग्लंड गाठलं, कुणी ऑस्ट्रेलिया, कुणी अमेरिका. दोन-चार मुलींनी इथल्याच माणसांशी संसार थाटले. आणि जे पोलंडला परतले त्यांना जुनं घर नव्हतंच. त्यांच्यातल्या कित्येकांच्या नशिबी आली ती जर्मनांनी सोडलेली घरं. पंचगंगेकाठच्या कौलाखालून निघून माणूस परक्याच्याच कौलाखाली गेला.

आणि वळिवड्याच्या बराकी? त्या ओस पडल्या नाहीत. फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं तिथे उतरली. गंमत बघा, की दैवाचा खेळ म्हणा! ज्या कराचीतून पोलिश बायका आल्या, त्याच कराचीच्या वाटेने आता सिंधी आले. बराकींना चुना लागला, वस्तीचं नाव गांधीनगर झालं. पुढे त्यांच्या कष्टातून कापडाची एवढी मोठी घाऊक बाजारपेठ उभी राहिली, की कोल्हापूर-सांगलीकडे लग्नाचा बस्ता म्हटलं की गांधीनगरची फेरी आलीच. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश थडगी तेवढी राहिली. अलीकडे त्यांची आठवण पुन्हा जागी झाली आहे. २०१९मध्ये पोलंडचे पाहुणे आले, वळिवड्यात स्मृतिस्तंभ उभा राहिला. वॉर्सातही कोल्हापूरचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली.

हा इतिहास माझ्या घरात शिरला तो गेल्या वर्षी. वळिवड्याचं घर विकायचं आम्हा भावंडांत ठरलं. तिघेही बाहेरगावी, आईला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. पण तिला सांगणार कोण? शेवटी धाकट्या बहिणीने धीर केला. आई बराच वेळ गप्प राहिली. मग एकच प्रश्न विचारला, ‘गिऱ्हाईक कोन हाय?’ गांधीनगरचा व्यापारी आहे, आजोबा सिंधमधून आले होते, असं सांगितल्यावर ती म्हणाली, ‘मग देऊन टाका. घर सुटतंय म्हंजे काय, ते त्यांच्या घरात म्हाईत असंल.’

आम्ही तिघं शिकलेली माणसं. भाव, कागदपत्रं, मुद्रांक शुल्क यापलीकडे आमचं डोकं गेलं नव्हतं.

आई आता बोम्मसंद्र्यात आहे. होसूर रोडवरचं हे मूळचं खेडं. नावातल्या ‘संद्रा’चं मूळ ‘समुद्र’, म्हणजे मोठा तलाव, असं सांगतात. एकेकाळी इथे नाचणीची शेतं होती. मग औद्योगिक वसाहत झाली, औषधांचे कारखाने आले, मोठी इस्पितळं आली आणि ऑगस्ट २०२५पासून मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचं हे शेवटचं स्टेशन आहे. आमच्या इमारतीत मराठी, तमिळ, ओडिया, बंगाली, बिहारी सगळे आहेत. नाहीत ते फक्त मूळचे गावकरी!

ते शोधून काढले आईने. सीमाभागातलं माहेर, त्यामुळे तिला मोडकं कन्नड येतं. फाटकापाशी मोगऱ्याचे गजरे विकणाऱ्या बाईशी तिने आठवड्याभरात मैत्री केली. ही इमारत जिथे आहे तिथे त्या बाईच्या सासऱ्याचं नाचणीचं शेत होतं म्हणे. पैसे मिळाले, भावाभावांत वाटले गेले, संपले. चार वर्षं मी त्या बाईकडून गजरे घेत होतो. घासाघीसही करत होतो.

इथे कुणी बंदुका घेऊन आलं नव्हतं, कुणाला वाघिणीत कोंबलं नव्हतं. पोलंडच्या दुःखाशी याची बरोबरी करणं बरं नव्हे. तरी एक गोष्ट सारखीच आहे. आपण राहतो ती जागा आपल्याआधी कुणाची तरी होती आणि त्याने ती दरवेळी हौसेने सोडलेली नसते. त्याला घर परत देणं आपल्या हाती नसेल, पण त्याचं नाव ठाऊक असणं तर आहे?

माझ्या मुलीला शाळेत ‘आपला परिसर’ हा प्रकल्प मिळाला. तिने मेट्रोचं चित्र काढलं, कारखाने काढले. मग आजीशेजारी बसून एका कोपऱ्यात नाचणीचं शेत काढलं आणि खाली शेतकऱ्याचं नाव लिहिलं. ते नाव तिला गजरेवालीकडून आजीने विचारून दिलं होतं. इतकी वर्षं त्याच जमिनीवर राहून मला ते ठाऊक नव्हतं.